पहिलटकरणीची खोली

हैदराबाद,
९ सप्टेंबर २०२५

चि. चंदन,

पाकीट पाहून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. आंधळगावच्या पोस्टात आता नोटिसा आणि आधार कार्डं सोडून काही येत नाही, पोस्टमास्तर असून स्वतःला शेवटचं पत्र कधी आलं ते आठवत नाही, असं तूच मागे रडत होतास. शिवाय फोन केला की तू स्पीकर लावतोस, मामी मध्येच ‘जेवली का’ विचारते, मामा टीव्हीचा आवाज वाढवतात आणि माझं शास्त्र वांग्याच्या भावात बुडून जातं. म्हणून हे कागदावर.

बातमी चांगली नाही. मागच्या हिवाळ्यात आम्ही चौसष्ट जणांचे गाल आतून खरडून नेले, आठवतं ना? बत्तीस आंधळगावच्या रंगवाल्या, म्हणजे सूत रंगवणाऱ्या घरांतले. बत्तीस आंबागडाखालच्या आपल्याच लोकांचे, ज्यांच्या आज्यांनी माग मोडून धान धरलं. जात एक, जेवण एक, सोयरिकी एकमेकांत. फरक काय तो घरामागच्या रंगाच्या भट्टीचा. आणि सगळे आपापल्या घरातले थोरले.

तेव्हा तुला समजावलं होतं आणि तू ऐकल्यासारखं केलं होतंस, म्हणून पुन्हा सांगते. आईबापांकडून मिळालेला मजकूर जन्मभर तोच राहतो. पण त्यावर बारीक खुणा असतात : हे वाचा, हे सोडा. पोटातल्या शेवटच्या महिन्यांत त्या भराभर लागत असतात. त्या दिवसांत आईच्या अंगात रसायन गेलं तर काही खुणा भलतीकडेच लागू शकतात, आणि मूल पंचेचाळिशीचं झालं तरी त्यातल्या काही पुसल्या जात नाहीत. रंगवाल्यांच्या थोरल्यांत त्या सापडायला हव्या होत्या.

सापडल्या. निम्म्यांत. आणि धानवाल्यांतही निम्म्यांत! म्हणजे रंगाचा काही संबंधच नाही, असं माझं चार वर्षांचं काम म्हणतं आहे. अहवाल नोव्हेंबरअखेर द्यायचा. आमचे संचालक म्हणाले, ‘निष्कर्ष न निघणं हाही निष्कर्षच असतो.’ त्यांच्या नावावर असे पुष्कळ आहेत.

खरं सांगू? हे वाचून मला आतून थोडं बरंही वाटलं. त्या सांदवाडीवर, तुमच्या परसावर आरोप ठेवायला मला कुठे आवडत होतं! शाळेला सुट्टी लागली की आई मला तिथे आणून टाकायची. घरामागची ती मोरी मंगळवारी मरून रंगाची वाहायची आणि शुक्रवारी हिरवी, आपण तिच्यात काड्या सोडायचो. तुझ्या चड्डीचा मूळ रंग कोणता यावर मामा आणि मामीत वाद होता. आजही प्रयोगशाळेत कुणी कॉस्टिक सोडा गरम केला, भट्टीचा तो वास सुटला की बाकीचे नाक धरतात आणि मला उन्हाळ्याची सुट्टी लागल्यासारखं वाटतं.

ते असो. सोबत फॉर्मच्या प्रती आहेत. पुन्हा त्या घरांत जा आणि कुणी खोटं लिहिलं आहे का बघ. तुझी लेक गुड्डी कशी आहे? पाचवा महिना ना?

तुझी,
स्वातीताई

*

आंधळगाव,
१९ सप्टेंबर

स्वातीताईस पोस्टमास्तराचा नमस्कार.

तुझं पत्र मीच पिशवीतून काढलं, मीच शिक्का मारला, मीच घरी पोचतं केलं आणि पोचवणारा दमला म्हणून त्याला चहाही मीच पाजला. खात्याला असा कर्मचारी पुन्हा मिळणार नाही.

चार दिवस फिरतो आहे. तुलाराम विचारतो, ‘ताईनं आमचा गाल नेऊन वर्ष झालं, वापस कधी देते?’ मंगरूनं मला गोठ्याआड ओढलं. ‘रिपोर्ट आला का? तंबाखूचा खर्रा दिसला का त्याच्यात? दिसला असन तं बायकोले सांगू नको बाप्पा, मी सोडला म्हणून सांगून देलं तिले.’ खोटं म्हणशील तर एवढंच. वय सगळ्यांनी चार वर्षांनी कमी लिहिलंय, दारू सगळ्यांनी शून्य. पण रंगाबद्दल कोण कशाला खोटं बोलेल? ज्याच्या घरी भट्टी, त्याचे हातच सांगतात. फॉर्म घरच्या कर्त्या पुरुषांनीच भरले आहेत, आमचा बाबांनी भरला. ‘कुटुंबप्रमुख’ असा शब्द छापलेला पाहून ते इतके खूश झाले की खाली सही दोनदा केली.

गुड्डीला पाचवा सरत आला. तुमसरला सासरचे लोक चांगले आहेत. जावई प्रफुल्ल राइस मिलमध्ये सुपरवायझर आहे, मिलपासून घर लांब. दिवाळी झाली, सातवा लागला की तिला इकडे आणायचं. आईचं आतापासूनच सुरू आहे. सांदवाडीकडची ती खोली तिनं शेणानं सारवून घेतली, आम्ही टाइल्स लावू म्हटलं तर ऐकत नाही. ‘पहिलटकरणीची खोली हाय ते. तिले टाइल काहून पाहिजे?’

तू ती खोली विसरली नसशील. तिची मागची भिंत भट्टीला लागून, त्यामुळे हिवाळ्यातही कोंबडीच्या पंखाखाली बसल्यासारखी ऊब. दुपारी पोटुशा पोरींना आई भट्टीपाशी पाटावर बसवायची आणि हातात काठी द्यायची, हंड्यातल्या सुताच्या लड्या उलटायला. जड काम नाही, बसल्या जागी होतं, वर शेक मिळतो. करवती साड्यांच्या काठाचं अर्धं सूत आमच्या घरच्या लेकींनीच रंगवलं म्हण ना! आत्या, चुलत आत्या, चुलत बहिणी, अकरा पहिलटकरणी आईनं त्या खोलीत पार पाडल्या. माझ्या लहानपणाचा हिवाळा म्हणजे सांदवाडीत हसणाऱ्या बायका. सासरी तोंड न उघडणाऱ्या तिथे पोट धरून हसायच्या. पेरूच्या झाडाचा पहिला पेरू त्यांचा, आम्ही नुसते चढणारे.

तुझी आई तर तुझ्या वेळी अडीच महिने मरून रंगाच्या हंड्यापाशीच बसून होती. ‘म्हणूनच ते पोट्टी अशी तिखट निघाली,’ असं आईचं शास्त्र आहे. ते तुझ्या अहवालात घाल.

तुझा,
चंदन

*

हैदराबाद,
२७ सप्टेंबर

चंदन,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा खाली बसून.

मी कुठे जन्मले? माझ्या शाळेच्या दाखल्यावर जन्मगाव म्हणून आमचं आंबागडाखालचं खेडं आहे. पासपोर्टवर तेच. वडिलांनी शाळेत नाव घालताना आपलं गाव सांगितलं, जसं सगळेच बाप सांगतात. लेकराचा जन्म सासुरवाडीत झाला असं कोणता बाप लिहून देईल? आणि मी जन्मले तुमच्या त्या खोलीत. हे मला माहीत होतं रे. लहानपणापासून माहीत होतं. फॉर्म तयार करताना मात्र डोक्यातच आलं नाही.

तो फॉर्म मी बनवला. त्यात पत्ता आहे, धंदा आहे, घरात शौचालय आहे का तेही आहे. माहेर नाही. मी घरं मोजली. पण पहिलटकरीण सातव्या महिन्यात घरात असते कुठे? रंगवाल्यांची लेक धानवाल्यांकडे दिली की पहिल्या बाळंतपणाला रंगात येते. धानवाल्यांची लेक रंगवाल्यांकडे दिली की ती पहिल्याला धानात जाते. आणि मी मुद्दाम निवडले थोरलेच! कुणी परका असता तर त्यानं विचारून तरी घेतलं असतं.

मला यादी हवी. चौसष्टपैकी प्रत्येकाची आई सातव्यानंतर कुठे होती. हे पुरुषांना ठाऊक नसणार. मामीला विचार. कशासाठी ते मात्र तिला सांगू नकोस, एवढं माझं ऐक.

स्वाती

*

आंधळगाव,
९ ऑक्टोबर

ताई,

यादी सोबत आहे.

आईला म्हटलं, सरकारनं माहेरपण योजना काढली आहे, पोस्टातून नावं पाठवायची आहेत. ती म्हणाली, ‘सरकारले माहेर कायचं? त्याले तं सासूच सासू हाय.’ पण बसली. कागद नाही, पेन नाही. तलाव कोणत्या साली फुटला आणि कोणाला कशाचे डोहाळे लागले, एवढ्यावर तिनं चौसष्टपैकी अठ्ठावन्न जन्म लावून दिले. ‘मंदाबाई? तिले दहीच दही पाहिजे, पोऱ्या झाला तं अंगावर साय असल्यावानी गोरा.’ ‘तुलारामची माय गेली होती आंबागडले, तिचा भाऊ बंडी घेऊन न्याले आला, अन् बंडीचं चाकच मोडलं आमच्या दारात.’ उरलेले सहा तिनं शेजारच्या दुर्गाबाईला भिंतीवरून हाक मारून विचारले. दोघींचं अर्ध्या तासात झालं. तुझ्या लोकांनी याला दोन जीपगाड्या आणल्या होत्या.

धानवाल्यांचे बत्तीस, त्यातले सोळा रंगाच्या घरात जन्मले. रंगवाल्यांचे बत्तीस, त्यातले पंधरा धानाच्या घरात. त्यात मीही आलो. आईचं माहेर आंबागडाच्या पायथ्याशी, मी झालो तिथे धानाच्या कोठीशेजारी. आयुष्यभर रंगात लोळलो तो मी कोरा, आणि तू रंगलेली!

हे लिहून मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. ताई, मी पोस्टमास्तर आहे, बंद पाकीटही हातात धरून आत काय आहे ते मला कळतं. आता सरळ सांग. गुड्डीनं यावं की नाही?

आणि ‘नको’ म्हणणार असशील तर हेही सांग की ते आईला कोणी सांगायचं. काल ती खोलीच्या दाराला आंब्याचं तोरण किती लागेल ते वितीनं मोजत होती. येणाऱ्या लेकींना तिला ऊब देता आली, एवढ्यावर ती बाई उभी आहे. बाकी तिच्या आयुष्यात फुशारकी मारावी असं आम्ही कोणी काही केलेलं नाही.

चंदन

*

हैदराबाद,
२६ ऑक्टोबर

चंदन,

दिवाळीत उत्तर द्यायचं नव्हतं. गोड खाऊ दिलं तुम्हाला.

मामीच्या यादीप्रमाणे नावं पुन्हा लावली. फरक आता इतका स्वच्छ दिसतो की माझ्या हाताखालच्या पोरीला वाटलं यंत्र बिघडलं. घर कोणतं, याचा संबंध नाही. शेवटचे तीन महिने आई भट्टीपाशी होती का, याचाच आहे.

आता नीट वाच. हा रोग नाही. यावरून एकट्या कुणाबद्दल काही सांगता येत नाही. खुणा असलेल्यांत साखर, रक्तदाब थोडा अधिक दिसतो. तो त्यानेच, असं मी शपथेवर म्हणणार नाही. माझा स्वतःचा नमुना नियमाप्रमाणे यादीत नव्हता, तो मी गंमत म्हणून शेजारी लावला होता. माझ्यात आहेत. मी साखरेची गोळी चार वर्षांपासून घेते. कशामुळे ते मला माहीत नाही आणि कधी कळणारही नाही. मी शास्त्रज्ञ आहे, मला ‘माहीत नाही’ म्हणायचा पगार मिळतो.

पण गुड्डीचं विचारलंस तर माहीत नाही असं म्हणून सुटता येणार नाही. तिनं तिथे येऊ नये. भट्टी दोन महिने बंद ठेवूनही भागणार नाही. पन्नास वर्षांचा रंग त्या भिंतीत आहे, मातीत आहे, विहिरीत उतरला असणार. पिण्याला नळ आला तरी बाळंतिणीची आंघोळ मामी विहिरीच्याच पाण्याने घालणार, ते पाणी मऊ म्हणून. तिला तुमसरलाच राहू दे, नाहीतर इकडे माझ्याकडे पाठव.

राहिली मामी. चंदन, मला सांगता येणार नाही. या गोष्टीत मी दोषी शोधायला निघाले होते. कंपनी नाही तर व्यापारी, कोणीतरी सापडेल असं वाटलं होतं. आणि बोट जिथे येऊन थांबलं तिथे माझ्या आईच्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे अडीच महिने आहेत. तिथे तिला कुणी पाणी आणायला उठवलं नाही. मरेपर्यंत ती त्याबद्दल बोलायची. सासरी आमच्या इथे एवढं हसताना मी तिला कधी पाहिलं नाही. आता त्या हसण्याखाली मी आकडा लिहू?

तू सांग, घरात डास झालेत, खोलीला ओल आली, काहीही. मामीला खरं सांगू नकोस.

स्वाती

*

हैदराबाद,
१५ नोव्हेंबर

चंदन,

वीस दिवस झाले. हे कार्ड. यालाही तूच शिक्का मारशील, तेव्हा मिळालं नाही म्हणू नकोस. फोन तू उचलत नाहीस, तुझी बायको रुपा उचलते आणि ‘ते पोस्टात आहेत’ म्हणते, रविवारीसुद्धा. गुड्डी आली का? एवढंच लिही.

स्वाती

*

तुमसर,
२१ नोव्हेंबर

स्वाती पोरी,

हे मी सांगून राहिली अन् इथं भेटाले आलेला चंदन लिवून राहिला. त्याले म्हणलं, माया तोंडून निघन तसंच लिव, त्याच्यात तुया शहाणपणा घालू नको. (घातलेला नाही. शुद्धलेखन तेवढं थोडं माझं. चंदन.)

तुये पत्रं यानं घरी आणलेच नव्हते. पोस्टात, शिक्क्याच्या खणात लपवून ठेवले. पण पोट्टा आठ दिवस धड जेवत नव्हता. कवा म्हणे डास झाले, कवा म्हणे खोलीले ओल आली. त्या खोलीले! भट्टीच्या भिंतीले ओल येते का कधी? याले खोटंही बोलता येत नाही. मी रुपाले म्हणलं, आज याचा डबा घेऊन तू जा, अन् खण पाहून ये. तिनं आणले, अन् मले वाचून दाखवले. दोनदा.

तू लिवलं, मामीले सांगू नको. काहून? मामी का काचेची हाय? तू चार वर्षं साऱ्याईचे गाल खरडत फिरली. बुढ्याईले विचारलं, पोट्ट्याईले विचारलं. मायापाशी आली तं चहा मांगतला. हे एक गोष्ट मले पयल्याच दिवशी विचारली असती, तं तुये चार वर्षं वाचले असते. तुया मामाले आपले लेकरं किती हे सांगाले बोटं मोजा लागते, त्याले तू जन्माचं विचारतेस!

आता दुसरं. मी त्या दिवशी जेवली नाही. भट्टी विझली होती, तिथं जाऊन बसली. एकेकीचं तोंड डोळ्यापुढं येऊन राहिलं. तुई माय आली. ते म्हणे, वयनी, डोळे झोंबते व. अन् मी म्हणो, झोंबू दे थोडे, ऊब तं भेटते. तिनं कधीच दुसऱ्यांदा म्हणलं नाही. माहेराची तक्रार कोणापाशी करन ते? हे तिनं तुले सांगतलं नसन. मलेही इतक्या वर्षांनी आठवलं, तुया पत्रानं.

तू चंदनले लिवते, मामीले वाईट वाटन. वाटू दे. वाटाचंच हाय ते. ऊब मी देली, धूरही मीच देला, दोनीही माया हातचं हाय. एक तू ठेवून घेशीन अन् एक लपवशीन, असं नाही चालत. तुया कागदावर लिव सारं. फक्त एवढं लिव, का त्या बाईले माहीत नव्हतं.

गुड्डीची पेटी भरून तयार होती. चंदन तिले फोन करून राहिला का तू तिथंच राहा. पोरगी रडे. पयलं बाळंतपण अन् माहेर नाही, लोक सासूले विचारतीन, का व, मायबापानं टाकलं का इले? तुया मामा म्हणे, होऊ दे सासरी, आता दवाखाने झाले. मी म्हणलं, दवाखाना पोट मोकळं करते, बाकीचं कोण करन? मंग मीच उठली. डिंक, खारीक, ओवा, बाळंतशोपा, अन् लंगोटाले मामाचे दोन जुने धोतरं घेतले. मामा म्हणे, लोक काय म्हणतीन? नातीच्या सासरी कोणी जाऊन राहाते का? मी म्हणलं, लोक म्हणतीन बुढी गेली. तुमी भात शिजवाले शिका. अन् एसटीत बसली.

पोरीच्या सासरचं पाणी, नातवंड झाल्याशिवाय पेऊ नये म्हणतात. मी पयल्याच दिवशी दोन गिलास पेली. पण पेण्याच्या आधी विचारलं, विहीर हाय का नळ? इथं कोणी रंग लावते का? मिलचा कोंडा उडून येते का? सत्यभामाबाई, म्हणजे प्रफुल्लची माय, माया तोंडाकडे पाहातच राहिली. तिले वाटलं, बुढी हिस्सा मोजाले आली.

भट्टी आता वावरात नेतो म्हणते चंदन. नेऊ दे, पोस्टातून सुटला तं. विहिरीचं पाणी तू येऊन घेऊन जाय, अन् यावेळी नुसता चहा पेऊन जाऊ नको. अन् ते गोळी टायमावर घेत जाय.

गुड्डी बरी हाय. दुपारी माया मांडीवर डोकं ठेवून झोपते. हसतेही. सत्यभामाबाई चांगली हाय, पण मले दोन दिवस कपबशीत चहा दे. शेजारणीले सांगे, सुनेची आजी पाहुणी आली. काल मी चुलीपाशी गेली, गुड्डीसाठी डिंक तळाले, तं मले हात धरून पाटावर बसवाले लागली. ‘तुमी बसा, पाहुण्यानं काम नाही करत.’

मी तिच्या हातचं पातेलं घेतलं. म्हणलं, बाई, मी पाहुणी नोहो. मी गुड्डीचं माहेर होय. सरका.

तुई मामी,
निर्मला